हेक्सोकायनेज आणि रक्तातल्या साखरेचा आकडा

आत्याचा उपाशीपोटी साखरेचा रिपोर्ट ९६ आला आणि घरातले सगळे निर्धास्त झाले. तिचं रक्त गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी साडेसातला घेतलं होतं, लाल बुचाच्या साध्या नळीत. ती नळी साडेअकराच्या सुमारास मोटरसायकलवरून तालुक्याच्या लॅबमध्ये पोचली. महिना एप्रिलचा होता. पुढच्या आठवड्यात मी स्वतः तिचं रक्त घेतलं, पंधरा मिनिटांत पेशी वेगळ्या केल्या आणि मोजलं, तर आकडा १२४ आला.

तिथलं मशीन बिघडलेलं नव्हतं. नळीत जितकी साखर शिल्लक होती तितकी त्याने प्रामाणिकपणे मोजली. उरलेली साखर वाटेत संपली होती, आणि ती संपवायला सुरुवात करणारं एन्झाइम त्याच नळीत होतं. त्याचं नाव हेक्सोकायनेज. गंमत अशी, की आज चांगल्या लॅबमध्ये साखर मोजायलाही हेच एन्झाइम वापरतात. म्हणून सुई टोचल्यापासून रिपोर्टवर आकडा उमटेपर्यंत हे एन्झाइम कुठे मदत करतं आणि कुठे घात करतं, ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. विकर म्हणजे शरीरातली एखादी रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारं प्रथिन. ते स्वतः त्यात खर्ची पडत नाही. हेक्सोकायनेजचं काम एका वाक्यात सांगता येतं: पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला ते फॉस्फेटचा एक गट चिकटवतं. हा गट येतो एटीपीकडून. एटीपी म्हणजे पेशीची रोजच्या खर्चाची ऊर्जा. या क्रियेला मॅग्नेशियमही लागतं. तयार होतं ते ग्लुकोज-६-फॉस्फेट.

फॉस्फेट चिकटल्यावर ग्लुकोजला पेशीच्या आवरणातून बाहेर पडता येत नाही. आत आलेल्या पाहुण्याच्या मागे दाराला कडी घालावी, तसं हे काम आहे. कडी लागली की पुढच्या नऊ पायऱ्या उतरत ग्लुकोजचे तुकडे होतात आणि पेशीला ऊर्जा मिळते. या दहा पायऱ्यांच्या वाटेला ग्लायकोलिसिस म्हणजे ग्लुकोज-विघटन म्हणतात.

हेक्सोकायनेजचा आकार चिमट्यासारखा आहे, दोन पाकळ्या आणि मध्ये खाच. ग्लुकोज खाचेत बसलं की दोन्ही पाकळ्या त्याच्यावर मिटतात, मूठ बंद करावी तशा. पेशीत चहूकडे पाणी असतं, आणि एन्झाइम कायम मिटलेलं राहिलं असतं तर त्याने पाण्यालाच फॉस्फेट देऊन एटीपी उधळला असता. ग्लुकोज आल्याशिवाय मूठ वळत नाही, म्हणून ते टळतं. ही मिटण्याची हालचाल यीस्टच्या हेक्सोकायनेजमध्ये १९७०च्या दशकात थॉमस स्टाइट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवली.

यीस्टचा उल्लेख मुद्दाम केला. १९२७ मध्ये ओटो मायरहोफ यांच्या लक्षात आलं, की स्नायूंच्या अर्कात ग्लुकोज टाकलं तर फारसं काही घडत नाही, पण त्यात यीस्टच्या अर्कातला एक घटक मिसळला की क्रिया धावू लागते. त्या घटकाला त्यांनी हेक्सोकायनेज हे नाव दिलं. १९४६ मध्ये ते शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळालं. आजही लॅबच्या किटमधलं हेक्सोकायनेज बहुधा यीस्टपासूनच मिळवलेलं असतं, म्हणजे पाव फुगवणाऱ्या जिवाकडून.

आपल्या शरीरात याचे चार प्रकार आहेत. यकृतात आणि स्वादुपिंडात असतो त्याला ग्लुकोकायनेज म्हणतात. रक्तातली साखर साधारण १४०च्या आसपास गेली की हा निम्म्या वेगाला पोचतो, म्हणून साखर वाढल्याची दखल तो घेऊ शकतो. तांबड्या पेशींतला प्रकार मात्र साखर अगदी थोडी असली तरी जवळजवळ पूर्ण वेगाने काम करतो. आत्याच्या नळीत जे झालं ते या दुसऱ्या प्रकारामुळे.

आता तपासणीकडे येऊ. पहिला टप्पा घरीच असतो. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काही नाही. अर्धा कप चहा, साखर घालून वा न घालता, दुधाचा असेल तर उपास मोडला. पाणी मात्र जरूर प्यावं. पाणी न प्यायल्याने शीर सापडत नाही, मग दोनतीनदा टोचावं लागतं आणि पेशी फुटतात. जेवणानंतरच्या तपासणीत सर्वाधिक घोळ वेळेचा होतो. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. बरेच जण हात धुतल्यापासून मोजतात, आणि जेवण निवांत झालं असेल तर तिथेच अर्धा तास इकडचा तिकडे होतो.

रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट नातेवाइकांनीही पाहावी. ज्या हाताला सलाइन लावलंय त्याच हातातून रक्त घेऊ देऊ नये. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे डेसिलिटरमागे ५००० मिलिग्रॅम. नळीतल्या रक्तात त्याचा दहावा हिस्सा जरी मिसळला तरी आकडा ५००च्या घरात उडी मारतो. असा रिपोर्ट पाहून इन्सुलिन दिलं गेलं तर काय होईल, ते सांगायला नको.

पुढचा टप्पा नळीचा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते कोणाला दिसत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

रक्त शरीरातून बाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात. तांबड्या पेशींत ऊर्जेची दुसरी सोय नाही, त्या केवळ ग्लायकोलिसिसवर जगतात. त्यामुळे नळीतही त्यांचं हेक्सोकायनेज ग्लुकोजला फॉस्फेट चिकटवत राहतं. साध्या खोलीच्या तापमानात दर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर अशी कमी होते. उन्हाळ्यात वेग वाढतो. नवजात बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी दाट असतात, रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या असू शकतात. अशा नमुन्यात साखर आणखी झपाट्याने उतरते. आत्याच्या नळीचे चार तास धरले, तर १२४चे ९६ होणं यात आश्चर्य काहीच नाही.

यावर उपाय म्हणून राखाडी बुचाची नळी असते. तिच्या तळाशी पांढरी भुकटी दिसते, तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि बहुधा पोटॅशियम ऑक्झलेट असतं. ऑक्झलेटमुळे रक्त गोठत नाही आणि फ्लोराइडमुळे साखर टिकते, असं आपल्याला शिकवलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

फ्लोराइड अडवतं ते इनोलेज नावाच्या एन्झाइमला, आणि ते ग्लायकोलिसिसच्या नवव्या पायरीवर आहे. हेक्सोकायनेज आहे पहिल्या पायरीवर. रांगेच्या शेवटची खिडकी बंद झाली तरी दारातून माणसं आत येतच राहतात, तसं होतं. शेवटच्या पायरीवर तयार होणारा एटीपी आता मिळत नाही, साठा हळूहळू संपतो आणि तो संपल्यावरच पहिली पायरी थांबते. याला एकदोन तास सहज लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढ्या वेळात फ्लोराइडच्या नळीतली साखर साध्या नळीइतकीच घसरते. त्यानंतर मात्र ती पुष्कळ वेळ स्थिर राहते.

म्हणून राखाडी नळी वापरली की काम झालं, असं समजू नये. नळी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी आणि अर्ध्या तासाच्या आत पेशी वेगळ्या कराव्यात, हा खात्रीचा मार्ग. काही नळ्यांत आता फ्लोराइडबरोबर सायट्रिक आम्लही असतं. आम्लामुळे रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, खाली येतो आणि हेक्सोकायनेज जवळजवळ लगेच मंदावतं. दारच बंद झालं म्हणा. लांबच्या गावांतून नमुने येतात तिथे मला ही नळी फार मोलाची वाटते.

रक्त घेतल्यावर नळी आठदहा वेळा अलगद उलटसुलट करायची असते. घाईत हे राहून जातं. मग भुकटी तळाशीच बसते, वरचं रक्त तसंच राहतं आणि बारीक गुठळ्या होतात. जोरात हलवलं तर पेशी फुटतात. आणखी एक सूचना लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी: राखाडी नळीतला प्लाझ्मा पोटॅशियमसाठी वापरू नका, कारण नळीतच पोटॅशियम आहे. युरियासाठीही नको, कारण युरिया मोजणाऱ्या युरिएज एन्झाइमला फ्लोराइड अडवतं.

पुढे नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात जाते. ताक घुसळल्यावर लोणी वर येतं, इथे उलट जड पेशी तळाला बसतात. वर पिवळसर प्लाझ्मा उरतो. तो दुसऱ्या नळीत काढला की साखर खाणारं कोणी उरत नाही. फिरवून झाल्यावर नळी तशीच स्टँडमध्ये ठेवून चहाला जाणं ही नेहमीची चूक. तळाच्या पेशी अजून प्लाझ्माला टेकलेल्या असतात आणि त्यांचं काम चालूच असतं.

प्लाझ्माचा रंगही पाहावा. लालसर असेल तर पेशी फुटल्या आहेत, दुधासारखा असेल तर चरबी जास्त आहे, हळदीसारखा असेल तर कावीळ. याची नोंद करून ठेवायची, पुढे उपयोगी पडते.

आता मुख्य क्रिया. पेशीतलं हेक्सोकायनेज इथवर आपलं नुकसान करत होतं, आता बाटलीतलं हेक्सोकायनेज आपलं काम करणार आहे. किटच्या द्रावणात, ज्याला आपण रीएजंट म्हणतो, हेक्सोकायनेज, एटीपी, मॅग्नेशियम, एनएडी आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज हे दुसरं एन्झाइम असतं. या लांबलचक नावाचं जी६पीडी हे लघुरूप बऱ्याच वाचकांच्या कानांवरून गेलं असेल. काही माणसांच्या तांबड्या पेशींत हे एन्झाइम जन्मतः कमी असतं. मलेरियासाठी प्रायमाक्वीन देण्याआधी डॉक्टर त्याची चौकशी करतात ती म्हणूनच.

पिपेटने १००० मायक्रोलिटर रीएजंट घ्यायचा आणि त्यात १० मायक्रोलिटर प्लाझ्मा सोडायचा. १० मायक्रोलिटर म्हणजे पाण्याच्या थेंबाचाही लहानसा अंश. पिपेटच्या टिपला बाहेरून प्लाझ्मा लागलेला असतो, तो पुसला नाही तर एखादा मायक्रोलिटर जादा जातो. १० मध्ये १ म्हणजे दहा टक्के. १२० असलेली साखर १३२ होते आणि १२६ची मधुमेहाची रेषा ओलांडते. टिश्यू पेपरने टिप बाजूने पुसायची, टोकाला कागद लावायचा नाही, नाहीतर कागद आतलाच प्लाझ्मा शोषून घेतो. इतकी साधी गोष्ट, पण मी शिकाऊ मुलांना पहिला आठवडाभर फक्त हीच करायला लावते.

मिश्रण ३७ अंशांवर, किटवर लिहिलं असेल तेवढी मिनिटं, साधारण पाच ते दहा, ठेवायचं. या वेळात दोन क्रिया एकामागून एक घडतात. पहिलीत हेक्सोकायनेज प्रत्येक ग्लुकोजला फॉस्फेट देतं. दुसरीत जी६पीडी त्या ग्लुकोज-६-फॉस्फेटकडून हायड्रोजन काढून एनएडीला देतं आणि एनएडीचं एनएडीएच होतं. एनएडी हा ब गटातल्या नायसिन या जीवनसत्त्वापासून बनणारा रेणू आहे. एका ग्लुकोजमागे एकच एनएडीएच. हा एकास एक हिशेब या पद्धतीचा कणा आहे.

इथे एक प्रश्न कोणालाही पडावा. हेक्सोकायनेज तर फ्रुक्टोजलाही फॉस्फेट देतं, मग फळातली साखर मिसळून मोजली जात नाही का? जात नाही, कारण दुसरं एन्झाइम चोखंदळ आहे. जी६पीडी ग्लुकोज-६-फॉस्फेटशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही. अचूकपणाचं श्रेय नावात हेक्सोकायनेजला मिळतं, पण खरी पारख शेजारचा करतो.

ट्यूबकडे पाहिलं तर काहीच घडलेलं दिसत नाही. लहान लॅबमध्ये अधिक वापरली जाते ती जीओडी-पीओडी पद्धत, म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही दोन एन्झाइमं वापरणारी. तिच्यात गुलाबी रंग येतो आणि साखर जास्त असेल तर डोळ्यांनाही कळतं. हेक्सोकायनेज पद्धतीत द्रावण पाण्यासारखंच राहतं. एनएडीएच ३४० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश शोषतं, तो अतिनील आहे, आपल्या डोळ्यांना दिसत नाही. एनएडी तो प्रकाश शोषत नाही. ३४०ची ही खूण १९३०च्या दशकात ओटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत सापडली आणि जगभरातल्या कितीतरी तपासण्या आजही तिच्यावर उभ्या आहेत.

मशीन त्या प्रकाशाचा किती भाग अडला ते मोजतं. त्याला अ‍ॅब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाशशोषण म्हणतात. आता हिशेब बघा. साखर माहीत असलेलं १०० मिलिग्रॅमचं स्टँडर्ड द्रावण याच पद्धतीने लावलं तर वर सांगितलेल्या मापांत शोषण साधारण ०.३४२ यायला हवं. रुग्णाच्या नमुन्याचं ०.५१३ आलं, तर ०.५१३ भागिले ०.३४२ गुणिले १००, उत्तर १५०. इतकं सोपं. स्टँडर्डचं शोषण ०.३४२च्या आसपास न येता ०.२८ येऊ लागलं तर रीएजंट, फिल्टर, दिवा किंवा पिपेट यांपैकी काहीतरी बिघडलंय, हे पहिल्या नजरेत कळतं. मशीनवर फक्त अंतिम आकडा पाहणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून शोषणाचा आकडा रोज वहीत लिहावा असा माझा आग्रह असतो. कोकणातल्या पावसाळ्यात फिल्टरवर दमटपणाची धूसर छटा येते, ती अशाच वहीतून लक्षात येते.

नमुना लावण्याआधी नुसत्या रीएजंटचं शोषण घेऊन ते वजा करतात. त्याला ब्लँक म्हणतात. रीएजंट जुना झाला किंवा त्यात जंतू वाढले तर ब्लँक चढतो. रीएजंट फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर राहायला हवा. भारनियमनात फ्रीज तासन्‌तास बंद राहिला असेल तर बाटलीवरच्या तारखेवर विसंबू नये, कंट्रोल लावून पाहावं. कंट्रोल म्हणजे आधीच मोजून ठेवलेला नमुना, एक साधारण साखरेचा आणि एक वाढलेल्या साखरेचा. दोन्ही ठरलेल्या मर्यादेत आले तरच रुग्णांचे नमुने घ्यायचे.

दुधाळ किंवा पिवळ्याजर्द प्लाझ्मासाठी वेगळा ब्लँक लागतो, कारण तो गढूळपणाही प्रकाश अडवतो. लाल प्लाझ्माची अडचण निराळी. फुटलेल्या तांबड्या पेशींतून त्यांची स्वतःची एन्झाइमं बाहेर येतात. किटमध्ये एनएडीऐवजी एनएडीपी असेल तर त्यातलं एक एन्झाइम क्रिया आणखी एक पायरी पुढे नेतं आणि एका ग्लुकोजचे दोन मोजले जाऊ शकतात. म्हणून बरेच उत्पादक ल्यूकोनोस्टॉक या जीवाणूपासून मिळवलेलं जी६पीडी घेतात. ते एनएडीवर चालतं, आणि रक्तातली एन्झाइमं एनएडीवर सहसा चालत नाहीत.

साखर फार जास्त असेल, समजा ६००च्या वर, तर शोषण इतकं चढतं की मशीनचा हिशेब सरळ रेषेत राहत नाही. अशा वेळी प्लाझ्मात तेवढंच सलाइन मिसळून पुन्हा मोजायचं आणि उत्तराला २ ने गुणायचं. गुणायचं विसरणं हीदेखील लॅबमध्ये घडणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे अत्यवस्थ माणूस कागदावर बरा दिसतो.

मग जीओडी-पीओडी वाईट का? नाही. ती स्वस्त आहे आणि नीट वापरली तर विश्वासार्ह आहे. पण क जीवनसत्त्व किंवा युरिक आम्ल फार असेल तर तिच्यातला गुलाबी रंग फिका पडतो आणि साखर कमी दिसते. हेक्सोकायनेज पद्धतीला हा त्रास नाही, म्हणून इतर पद्धती पडताळून पाहायला तिचा आधार घेतात. घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीवर हेक्सोकायनेज नसतं, ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजनेज असतं. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात साखर १०० किंवा अधिक असताना पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं. लॅबमध्ये १४० आणि घरी १५५ आले तर घाबरण्याचं कारण नाही. बोट टोचण्याआधी हात मात्र पाण्याने धुवा. आंबा चिरलेल्या बोटावर आंब्याचीच साखर मोजली जाते.

रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी दोन वेळा बघा: रक्त घेतल्याची आणि लॅबमध्ये नमुना पोचल्याची. दोन्ही छापलेल्या नसतील तर विचारा, कोणत्या बुचाची नळी होती आणि प्लाझ्मा किती वेळात वेगळा केला. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर हे विचारणं जास्त गरजेचं, कारण वाढलेल्या आकड्यावर सगळेच शंका घेतात, कमी आकड्यावर कोणी घेत नाही. आत्याने आता हा प्रश्न पाठ केलाय. तिची तपासणी आम्ही दर सहा महिन्यांनी करतो, आणि राखाडी नळी सेंटरवर पोचायच्या आधी थर्मासमध्ये बर्फाचं पाणी भरून ठेवतो.

तिचा मुलगा लंडनला असतो. त्याचा रिपोर्ट ६.७ आला तेव्हा त्याला वाटलं साखर फारच उतरली. तिकडे मिलिमोलमध्ये मोजतात, त्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. गुणून पाहिल्यावर १२०.६ आले, आणि त्याने त्याच संध्याकाळी आईला फोन करून तिचा जेवणाचा तक्ता मागून घेतला.